चाळीस मायक्रॉनांची पुंजी : नव्या मोटारीच्या रंगाची झळाळी आणि जपणूक

नवी मोटार कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या पत्र्यावर चढवलेल्या सर्व रंगथरांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १३० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो हे लक्षात घेतले, तर लाखो रुपयांच्या वाहनाचे सारे देखणेपण आणि गंजापासूनचे सारे संरक्षण दोन केसांच्या जाडीत सामावलेले आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. त्यातही ज्याला घासता येते, चमकवता येते आणि ज्यावर संरक्षक लेप लावता येतो, तो केवळ सर्वांत वरचा पारदर्शक थर असतो आणि त्याची जाडी ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा चाळिसाच्या घरात भरते. नव्या गाडीच्या रंगाची निगा हा सगळा विषय या चाळीस मायक्रॉनांभोवती फिरतो, कारण कारखान्यात एकदा मिळालेली ही पुंजी पुढे खर्च होते, वाढत मात्र नाही. वरून लावलेले मेण किंवा लेप तिचे रक्षण करतात, तिच्यात भर घालत नाहीत, आणि ती संपली की पुन्हा रंग देण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

मराठी व्यवहारात ‘पॉलिश’ हा एकच शब्द दोन परस्परविरुद्ध क्रियांसाठी वापरला जातो आणि या विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळ तेथेच आहे. बुटांना पॉलिश करणे म्हणजे चामड्यावर मेणाचा थर चढवणे, ही बेरीज झाली. फरशीला पॉलिश करणे म्हणजे दगडाची खडबडीत वरची पातळी घासून काढणे, ही वजाबाकी झाली. मोटारीच्या रंगाला काटेकोर अर्थाने पॉलिश करणे ही वजाबाकीच आहे, कारण पॉलिशच्या मलमात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते पारदर्शक थराचा पृष्ठभाग कणाकणाने झिजवून सपाट करतात. याच कामासाठी अधिक भरड कणांचे जे मलम वापरतात त्याला ‘कंपाउंड’ म्हणतात आणि गॅरेजच्या बोलीत त्या क्रियेला ‘रबिंग’ असे नाव आहे. याउलट वॅक्स, सीलंट, सिरॅमिक कोटिंग ही सगळी बेरजेची साधने होत. “गाडीला पॉलिश मारून देतो” या सर्वपरिचित वाक्यातून यांपैकी नेमके काय घडणार आहे हे कळत नाही; ग्राहकाला चकाकी दिसते, पण ती थर चढवून आली की थर उतरवून आली, हे त्याला विचारल्याशिवाय समजत नाही आणि विचारावे हेही बहुधा सुचत नाही. प्रस्तुत लेखनात म्हणूनच हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवलेले आहेत.

गाडीला वरचेवर पॉलिश करण्याची सवय निराधार नव्हती. तिला इतिहास आहे. मोटारीच्या आरंभकाळात रंग घोडागाड्यांच्या परंपरेप्रमाणे ब्रशने, तेलयुक्त वार्निशचे थरावर थर देऊन लावला जाई आणि सगळे थर वाळून पुरे होण्यात काही आठवडे जात. पुढे १९२३च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेला ‘ड्यूको’ हा झटपट वाळणारा रंग आणला, जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरला गेला, आणि काही आठवड्यांचे काम काही दिवसांवर आले. या जातीच्या रंगाला ‘लॅकर’ म्हणतात. त्यात लाखेचा अंशही नसला, तरी हा शब्द मुळात भारतीय ‘लाख’ या शब्दापासून निघून पोर्तुगीजांमार्फत युरोपात पोहोचला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. कारण सावंतवाडीच्या किंवा कर्नाटकातील चन्नपट्टणच्या कारागिरांना लाखेचा थर चढवणे आणि मग तो घासून उजळवणे या दोन क्रियांतील फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाख चढवल्यानंतर केवड्याच्या जातीच्या झाडाचे पान दाबून धरून तिला तकाकी आणतात, आणि ते पान किती दाबावे हे हाताला कळणे हीच तेथे कारागिरी मानली जाते.

लॅकर आणि त्यानंतरचे एनॅमल रंग एकाच स्वरूपाच्या थरांचे असत, म्हणजे रंगद्रव्य आणि चकाकी देणारा राळयुक्त पदार्थ एकाच लेपात मिसळलेले असत. उन्हाने वरची राळ विरून जाई, रंगद्रव्य मोकळे पडे आणि गाडीवरून बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी हाताला लागे. अशा गाडीला अधूनमधून घासून मृत थर काढून टाकणे आणि ताज्या पृष्ठभागावर मेण लावणे हाच खरा उपाय होता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसेडर यांच्या काळात ज्यांनी गाड्या सांभाळल्या, त्यांच्या हातांना ही रीत बसलेली होती आणि त्या रंगासाठी ती योग्यही होती. चूक पुढे झाली, ती अशी की रंग बदलला तरी रीत तशीच राहिली. १९८०च्या दशकापासून जगभर रंगीत थर आणि पारदर्शक थर वेगवेगळे देण्याची पद्धत रूढ झाली. या रचनेत रंगद्रव्य उघडे पडत नसल्यामुळे भुकटी होत नाही, आणि जे घासले जाते तो मृत थर नसून धडधाकट कवच असते.

हे कवच कशावर उभे असते ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पत्र्याचा सांगाडा धुऊन झाल्यावर त्यावर फॉस्फेटचा स्फटिकमय थर बसवतात, जेणेकरून पुढचा लेप पत्र्याला घट्ट धरून राहील. त्यानंतर संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून विद्युत्प्रवाह सोडला जातो आणि विरुद्ध विद्युत्भार असलेले रंगाचे कण पत्र्याच्या कोनाकोपऱ्यांत, दरवाजांच्या पोकळ भागांतसुद्धा, ओढले जाऊन सुमारे २० मायक्रॉनांचा सलग थर देतात. कारखान्यांत याला ‘सीईडी’ म्हणतात. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत प्रचारात आली, आणि गाड्यांचे पत्रे पूर्वीसारखे लवकर कुजत नाहीत याचे मोठे श्रेय तिला आहे. त्यावर खळगे भरून काढणारा प्रायमर, त्यावर बेस कोट म्हणजे खरा रंग, आणि शेवटी क्लिअर कोट म्हणजे तो पारदर्शक थर, अशी रचना असते. बेस कोट अवघा १२ ते २० मायक्रॉनांचा असतो आणि तो एकटा पाहिला तर निस्तेज दिसतो. धातुछटेच्या रंगांत त्याच्यामध्ये ॲल्युमिनियमचे चपटे कण किंवा अभ्रक पसरलेले असते. चकाकी, खोली आणि ओलसर भासणारा तजेला हे सारे क्लिअर कोटचे देणे आहे. हा थर बहुधा ॲक्रिलिक राळेचा असतो, भट्टीत तापल्यावर तिचे रेणू एकमेकांत जाळीसारखे गुंफले जातात, आणि त्यात अतिनील किरण शोषणारी तसेच किरणांमुळे होणारे विघटन थोपवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. म्हणून क्लिअर कोट झिजवणे म्हणजे चकाकीची जाडी कमी करणे एवढेच नसते. खालच्या रंगावर धरलेली छत्री त्यामुळे विरळ होते. काही गाड्यांत, विशेषतः साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगात, आजही स्वतंत्र क्लिअर कोट नसतो. अशा गाडीला पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागतो आणि ही सर्वांत सोपी ओळख आहे.

नव्या रंगाला ‘श्वास घेऊ द्यावा’, म्हणून पहिले काही महिने वॅक्स किंवा कोटिंग करू नये, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो चुकीच्या जागी लावलेला खरा नियम आहे. कारखान्यात क्लिअर कोट सुमारे १३० ते १५० अंश सेल्सिअसला भाजला जातो आणि भट्टीतून बाहेर येतानाच तो पक्का झालेला असतो. ग्राहकाच्या हाती गाडी येईपर्यंत तर कित्येक आठवडे उलटलेले असतात. अपघातानंतर गॅरेजमध्ये दिलेल्या रंगाची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे गाडीत काच, रबर आणि वायरिंग बसवलेले असल्याने तापमान ६० ते ८० अंशांपलीकडे नेता येत नाही, विद्रावके हळूहळू उडून जातात आणि रंग पुरता वाळण्यास एक ते तीन महिने लागू शकतात. नवी म्हणून विकलेली गाडीदेखील वाहतुकीत कोठे खरचटून पुन्हा रंगवलेली असणे अशक्य नाही, त्यामुळे पहिल्या तपासणीत जाडी मोजण्याला महत्त्व आहे. पत्र्यावरील रंगाची जाडी चुंबकीय तत्त्वावर चालणाऱ्या छोट्या यंत्राने क्षणात कळते. जेथे इतरत्र ११० मायक्रॉन भरतात आणि एकाच दरवाज्यावर २०० किंवा अधिक भरतात, तेथे दुसऱ्यांदा रंग दिलेला आहे असे समजावे. मात्र हे यंत्र सर्व थरांची एकत्रित जाडी सांगते, त्यातला क्लिअर कोट किती हे सांगत नाही. ही मर्यादा न ओळखता केवळ आकड्यावर विसंबून घासणारे हात धोकादायक ठरतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येता येईल : जी गाडी नवीच आहे, तिला पॉलिशची गरज का पडावी? याचे उत्तर गाडी नवी असते पण अस्पर्श नसते, या वस्तुस्थितीत आहे. चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली गाडी मोकळ्या आवारात उन्हापावसात उभी राहते, मग कंटेनरसारख्या लांब ट्रेलरवरून किंवा मालगाडीच्या डब्यातून प्रवास करते, पुन्हा विक्रेत्याच्या आवारात थांबते. या काळात तिच्यावर धूळ बसते, आणि रेल्वेच्या रुळांवरून व ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे तप्त सूक्ष्म कण क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात, ते पुढे गंजून पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागतात. तथापि सर्वांत जास्त नुकसान होते ते या प्रवासात नव्हे, तर गाडी ताब्यात देण्याच्या आदल्या संध्याकाळी. दिवसाला दहावीस गाड्या सजवून द्यायच्या असतात, वेळ कमी असतो, धूळ भरपूर असते आणि फडका सगळ्यांना एकच असतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या मुहूर्तांना ही घाई शिगेला पोहोचते. ज्यांना रंगाची खरोखर काळजी आहे त्यांनी गाडी न धुता, न पुसता, असेल तशी द्यावी असे आधीच सांगून ठेवणे हा या संपूर्ण विषयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

मुहूर्ताचा उल्लेख आला म्हणून पूजेविषयीही येथेच लिहिणे योग्य ठरेल. गाडीची पूजा करणे, बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढणे, झेंडूचे तोरण बांधणे हा आनंदाचा आणि कृतज्ञतेचा संस्कार आहे आणि रंगाच्या भीतीने तो टाळण्याचे काहीच कारण नाही. एवढेच पाहावे की हळदीकुंकू कोरडे असताना फडक्याने पुसले जाऊ नये, कारण त्यातील भरड कण घासले जातात आणि बाजारी कुंकवातील कृत्रिम रंग ओलसरपणात बराच वेळ राहिला तर फिकट रंगावर डाग धरू शकतो; त्याच दिवशी भरपूर पाण्याच्या धारेने ते वाहून जाऊ द्यावे. तोरण तारेऐवजी दोऱ्यात ओवलेले असावे, आणि नारळ गाडीवर नव्हे तर पुढे जमिनीवर फोडावा.

ओरखडे दिसतात कसे, हे समजल्याखेरीज ते घालवायचे कसे हे समजणार नाही. क्लिअर कोटचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो, त्यामुळे समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी अवघे चार टक्के पृष्ठभागावरून परावर्तित होतात आणि उरलेला प्रकाश आत शिरून रंगद्रव्यावर आदळून परततो. पृष्ठभाग सपाट असेल तर ते चार टक्के आरशाप्रमाणे एकाच दिशेने जातात, प्रतिबिंब रेखीव उमटते आणि खालचा रंग गडद दिसतो. तो चऱ्यांनी भरलेला असेल तर तोच प्रकाश विखुरतो, रंगावर पांढुरकी साय पसरल्यासारखे वाटते आणि काळ्या गाडीवर हे सर्वांत आधी नजरेत भरते. दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात त्यांना गाड्यांच्या सखोल स्वच्छतेच्या, म्हणजे डिटेलिंगच्या, व्यवसायात ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. हे चरे प्रत्यक्षात वर्तुळाकार असतीलच असे नाही. सर्व दिशांना पसरलेल्या असंख्य सरळ चऱ्यांपैकी ज्यांची दिशा प्रकाशाला आडवी असते तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळाचा भास होतो. रोज घासणीने घासलेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरले असता हाच देखावा दिसतो, आणि ताट हलवले की वर्तुळेही दिव्यामागोमाग सरकतात.

हे चरे घालवण्याचा खरा मार्ग एकच : त्यांच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट उतरवून सर्व पातळी समान करणे. हलक्या फिनिशिंग पॉलिशने एक मायक्रॉनच्या आसपास थर जातो, कंपाउंडने त्याच्या कित्येक पट जाऊ शकतो, म्हणून सर्वांत सौम्य साधनाने एका छोट्या तुकड्यावर प्रयोग करून पाहावा आणि ते अपुरे पडले तरच पुढच्या पायरीवर जावे, हा या कामाचा पहिला नियम आहे. त्याआधी गाडी स्वच्छ धुऊन, रुतलेले लोखंडी कण विरघळवणारे द्रव लावून आणि मग जपानमधून प्रसार पावलेली ‘क्ले बार’ नावाची लवचीक माती ओल्या पृष्ठभागावर अलगद फिरवून चिकटलेली घाण काढून टाकावी लागते, नाहीतर तीच घाण पॉलिशच्या गादीखाली सापडून नवे चरे पाडते. यंत्रांत दोन जाती आहेत. एकाच अक्षावर गरगर फिरणारे रोटरी यंत्र वेगाने कापते, पण उष्णता फार निर्माण करते, आणि कडांवर, जेथे रंग मुळातच पातळ असतो, ते क्षणभर जास्त टेकले तरी प्रायमर उघडा पडतो. डोलत-फिरत चालणारे ‘ड्युअल ॲक्शन’ यंत्र मंद आहे पण चुकीला सावरून घेते. शिकाऊ माणसाने नव्या गाडीवर रोटरी चालवू नये हे येथे निःसंदिग्धपणे नोंदवावेसे वाटते. आणि जो ओरखडा नखाला अडकतो तो क्लिअर कोटच्या बराच खोलवर गेलेला असतो. तो संपूर्ण घालवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा त्याच्या कडा मऊ करून तो राहू देणे हेच शहाणपणाचे असते.

झटपट चकाकीच्या ज्या रीती रूढ आहेत त्यांतील काही केवळ देखाव्याच्या आहेत. ग्लेझ नावाच्या मलमातील तेले आणि भराव चऱ्यांमध्ये बसून ते झाकतात आणि दोनचार धुण्यांत ते निघून गेले की चरे जसेच्या तसे परत येतात. रॉकेल किंवा डिझेलचा हात मारून गाडी चमकवण्याची जुनी पद्धतही याच प्रकारची आहे. तेलाची ओल असेपर्यंत रंग खुलतो, पण तिच्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ सॅंडपेपरचे काम करते.

बेरजेच्या साधनांपैकी सर्वांत जुने आणि आजही मानाचे असलेले कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. तेथील कोरड्या उन्हाळ्यात पानातील पाणी राखण्यासाठी निसर्गानेच ते बनवलेले आहे आणि ८० अंशांच्या वर ते वितळते, म्हणजे नैसर्गिक मेणांमध्ये ते फार चिवट मानले जाते. तरीही भारतीय उन्हाळ्यात त्याचा टिकाऊपणा महिन्या-दोन महिन्यांचाच असतो. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट त्याहून काही महिने अधिक चालतात. विक्रेत्यांकडे कित्येक वर्षे विकल्या गेलेल्या ‘टेफ्लॉन कोटिंग’चे नाव मात्र फसवे आहे, कारण तव्यावरचा तो पदार्थ सुमारे ३२७ अंशांना वितळतो आणि त्याहून जास्त तापमानाला भाजल्यावरच एकसंध थर देतो, मोटारीच्या रंगाला ते तापमान देणे अशक्य असल्यामुळे तेथे तो सीलंटमध्ये मिसळलेल्या कणांच्या रूपातच राहतो.

सिरॅमिक कोटिंग हे खरोखर वेगळ्या जातीचे आहे, पण त्याच्याभोवती दाव्यांचे जे रान माजले आहे ते तोडून पाहावे लागते. सिलिकॉनयुक्त द्रव रंगावर पसरला की हवेतील आर्द्रतेशी संयोग पावून काचेशी नाते सांगणारा कठीण, पारदर्शक पापुद्रा तयार होतो आणि तो साबणाने निघत नाही. त्याची जाडी मात्र एखाद-दुसऱ्या मायक्रॉनची असते, आणि ‘नाइन एच’ हा जाहिरातीतला आकडा खनिजांच्या कठीणपणाचा नसून ठरावीक कोनात धरलेल्या पेन्सिलीच्या शिशाने पृष्ठभाग खरवडतो की नाही या चाचणीचा आहे. असा पापुद्रा दगडाचा घाव अडवत नाही आणि मळक्या फडक्याचे चरेही पूर्णपणे रोखत नाही. तो पक्ष्यांची विष्ठा, रसायने आणि डाग यांना काही काळ थोपवतो आणि धुणे सोपे करतो, हेच त्याचे खरे आणि पुरेसे मोठे काम आहे. तो लावण्यापूर्वी पृष्ठभाग निर्दोष करावा लागतो, कारण असलेले चरे त्याच्याखाली बंदिस्त होतात, आणि या कारणाने नव्या गाडीसाठी तो सर्वाधिक सोयीचा आहे. मुंबईच्या जुलैतल्या हवेत तो इतक्या वेगाने घट्ट होतो की वेळेवर न पुसलेले जाड ठिपके तसेच राहून जातात, म्हणून पावसाळ्यात हे काम आर्द्रता ताब्यात असलेल्या खोलीतच व्हावे.

कोटिंगवरून घरंगळणाऱ्या पाण्याच्या थेंबांचे आकर्षण मोठे आहे आणि मराठी माणसाला तर अळवावरचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. अळूच्या पानावर मेणाचा लेप आणि डोळ्याला न दिसणारा सूक्ष्म खडबडीतपणा असे दोन्ही असल्यामुळे थेंब पानाला जेमतेम टेकतो आणि धूळ घेऊन निघून जातो; मोटारीचा पृष्ठभाग चकाकीसाठी गुळगुळीत ठेवावा लागतो, म्हणून त्यावरचा थेंब गोल दिसला तरी पुष्कळदा जागच्या जागी बसून राहतो आणि उन्हात आटतो. दख्खनच्या बेसाल्टमधून उपसलेले बोअरवेलचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड असते, आणि आटलेल्या प्रत्येक थेंबामागे पांढरे कडे उरते. ताजे असताना ते कडे पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघते, पुढे ते रंगात खोल रुतते. सिरॅमिक लावले म्हणून गाडी न पुसता उन्हात वाळू देणाऱ्यांच्या वाट्याला असे डाग हमखास येतात.

दगडांपासून बचाव हवा असेल तर पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक, चिकट फीत, हाच उपाय आहे. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे क्लिअर कोटच्या चारपट असते. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळू-खड्यांपासून वाचवण्यासाठी केलेल्या फितीतून तिचा उगम झाला. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरातील बारीक चरे उन्हाच्या उबेने आपोआप बुजतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर नित्य ये-जा करणाऱ्या गाडीचे बंपर आणि बॉनेटची पुढची कड झाकणे समर्थनीय आहे. संपूर्ण गाडी झाकण्याचा खर्च बहुतेकांना परवडणारा नसतो आणि आवश्यकही नसतो. फिल्म गाडीवरच ब्लेडने कापली जाणार की आधी यंत्रावर मापात कापून आणली जाणार, हे विचारून घ्यावे, कारण ब्लेडचा हात किंचित चुकला तरी ज्याच्या रक्षणासाठी खर्च केला तोच रंग पत्र्यापर्यंत चिरला जातो.

रंगाच्या शत्रूंमध्ये ऊन सर्वांत संथ आणि पक्ष्यांची विष्ठा सर्वांत तातडीची आहे. विष्ठेतील आम्ल आणि उन्हाने तापून मऊ झालेला क्लिअर कोट यांची गाठ पडली की थंड होताना तो त्या डागाच्या आकारातच आकसतो आणि चमक कायमची तुटते. मे महिन्याच्या दुपारी यासाठी काही तास पुरतात. जानेवारी ते मार्च या मोहराच्या दिवसांत आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीवर तुडतुड्यांनी सोडलेला गोड चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी धरते, आणि सावलीच्या लोभाने जागा निवडणाऱ्याला ती घासून काढताना रंगाची किंमत मोजावी लागते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारा दमटपणा आणि जांभ्याची तांबडी धूळ एकत्र येतात. दिवाळीत फटाक्यांची राख रात्रीच्या दवात भिजून चिकटते. अशा वेळी धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घालणे हा उपाय वाटतो, पण वाऱ्याने फडफडणारे कव्हर आणि खालची धूळ मिळून रात्रभर रंग घासत राहतात. कव्हर घालायचे तर ते धुतलेल्या गाडीवर आणि आडोशालाच घालावे.

पॉलिश, कोटिंग, फिल्म यांपैकी काहीही न करता, केवळ धुण्याची रीत सुधारली तरी गाडीचा रंग दीर्घकाळ टिकतो, आणि धुण्याची रीत बिघडली तर महागडे कोटिंगही वर्षभरात जाळीदार दिसू लागते. हात लावण्याआधी पाण्याच्या धारेने मोकळी धूळ वाहून जाऊ देणे, गाडीसाठीचा सौम्य शाम्पू वापरणे, भांडी घासण्याचा साबण दूर ठेवणे कारण तो मेणाचा थर धुऊन नेतो, वरून खाली येत सर्वांत मळके भाग शेवटी घेणे, साबणाच्या आणि खळबळण्याच्या अशा दोन बादल्या ठेवणे, आणि मऊ मायक्रोफायबरने दाब न देता टिपणे, एवढ्यात ही रीत संपते. आठवड्यातून एकदा किंवा दहा दिवसांतून एकदा हे पुरेसे आहे.

शहरी सोसायट्यांत मात्र रोज पहाटे गाड्या पुसण्याची व्यवस्था असते. हे काम करणारे गृहस्थ उजाडण्यापूर्वी पंधरावीस गाड्या उरकतात, त्यांना एक बादली पाणी आणि एकदोन फडके एवढेच साधन मिळते, आणि मालकाला गाडी रोज स्वच्छ दिसली पाहिजे ही अपेक्षा असते. पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीच्या बॉनेटवर फिरते, यात त्यांचा दोष नाही. दोष त्या अपेक्षेचा आणि त्या एका बादलीचा आहे. नव्या गाडीच्या मालकाने त्यांच्याकडे आपल्या गाडीपुरते चार स्वच्छ मायक्रोफायबर आणि शाम्पूची बाटली सोपवावी, रोज फक्त काचा पुसाव्यात आणि रविवारी गाडी पाण्याने नीट धुवावी असे ठरवून घ्यावे, महिन्याचे पैसे पूर्वीइतकेच द्यावेत, आणि मधल्या सहा दिवसांत पत्र्यावर धूळ दिसली तर ती तशीच राहू द्यावी.